मेटलची गिटार, रॅपचे शब्द

हेवी मेटल आणि रॅप यांची सोयरीक जमेल, असं १९८०च्या दशकात अमेरिकेत फारसं कुणाला वाटत नव्हतं. मेटलचा श्रोता बहुतांशी गोरा. रॅप आलं कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून. मग जमलं कसं?

१९८७ साली ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटानं ‘ब्रिंग द नॉइज’ या गाण्यात ‘अँथ्रॅक्स’ या न्यूयॉर्कच्या मेटल बँडचं नाव घेतलं. त्या बँडचा गिटारवादक स्कॉट इयन मुळातच रॅपचा चाहता. ‘पब्लिक एनिमी’चा टी-शर्ट घालून तो मंचावर येत असे. १९९१ मध्ये दोघांनी मिळून तेच गाणं नव्यानं केलं. त्यात चक डीबरोबर इयनही रॅप करतो.

सांधा जुळतो तो लयीत. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनात लेहरा फिरत राहतो ना, तसा मेटलमध्ये गिटारचा छोटासा तुकडा, म्हणजे ‘रिफ’, पुन्हा पुन्हा वाजतो. त्यावर रॅपर शब्द नेमके बसवतो.

त्याच वर्षी दोघांनी एकत्र दौरा काढला. एरवी वेगवेगळ्या कार्यक्रमांना जाणारे दोन समाजांतले तरुण एका सभागृहात आले. मला या गाण्याचं खरं मोल तिथं दिसतं.