अठरा तासांचा वारसा, आठ तासांचा हक्क

"बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत," हे वाक्य आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाच्या कानावर पडलेले असते. १४ एप्रिलच्या निमित्ताने महाविद्यालयांत, वसतिगृहांत, वाचनालयांत सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात. ते व्हायलाच हवेत. पण याच वाक्याचा एक निराळा अर्थ आपल्या संसारात रुजून बसला आहे. आपल्या माणसाने थकायचे नाही, बसायचे नाही, दुखले तरी बोलायचे नाही, असा तो अर्थ.

आपल्या कोपरीचेच पाहा. ठाणे पूर्वेची ही वस्ती स्टेशनाला लागून असल्याने पहाटेच्या लोकलपासूनच जागी असते. कोणी मुंबईत शिपाई किंवा कारकून, कोणी वागळे इस्टेटमध्ये, कोणी ठाणे-बेलापूर पट्ट्यात पाळीवर, तर कोणी वॉचमन म्हणून बारा तास उभा. बाईमाणूस चार घरची धुणीभांडी करून पुन्हा आपल्या गॅसपुढे उभी राहते. चक्कर आली की साखर-पाणी, डोके दुखले की मेडिकलमधली गोळी, झोप येत नाही म्हणून कोणाची घोटभर दारू. "राबल्याशिवाय आपल्याला कोण विचारतं?" असे म्हणत माणूस शरीराकडची उधारी वाढवत जातो. ही उधारी व्याजासकट वसूल होते. ती कशी, हे प्रत्येक घराने समजून घेतले पाहिजे.

शरीरात काय घडते?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट आले की त्या ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसोल नावाचे रस रक्तात सोडतात. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, साखर रक्तात उतरते, हातापायांत बळ येते. अंगावर बैल धावून आला तर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. संकट टळले की सारे पूर्ववत होते.

पण कंत्राटदार काढून टाकील का, लोकल चुकेल का, मुलीची फी कशी भरू, हा बैल रोजच मागे लागलेला असतो. मग ते रस वारंवार रक्तात येत राहतात आणि दाब चढलेलाच राहू लागतो. रक्तवाहिन्या कडक होतात, साखर वाढते, झोप तुटते, पोटात जळजळ सुरू होते. जखमाही लवकर भरत नाहीत. अमेरिकेतील ओहायो राज्यात डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तसा भार नसलेल्या १३ स्त्रिया घेतल्या. सर्वांच्या हातावर सारखीच बारीक जखम केली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. मनावरचा भार कातडीपर्यंत पोहोचतो, तो असा.

कामाच्या तासांचा हिशेबही आता झाला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली जाहीर केले की, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. २०१६ या एका वर्षात जगात अशा लांब तासांपायी सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. बारा तासांची ड्युटी सहा दिवस केली तर ७२ तास होतात. प्रवास वेगळाच.

टेन्शन फक्त साहेबांना?

"टेन्शन साहेब लोकांना असतं, आपल्याला कसलं?" असे आपण सहज म्हणतो. हा समज खोटा आहे. लंडनमध्ये सरकारी नोकरांची एक मोठी पाहणी १९६७ साली सुरू झाली. सर्वात वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वात खालच्या श्रेणीतील निरोपे आणि दरवान हृदयविकाराने सुमारे तिपटीने अधिक मरत होते. बिडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे कारणे वजा केली तरी फरक पुरता भरून निघाला नाही. पुढच्या पाहणीत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्याच्या हाती आपल्या कामाचा लगाम नसतो, कधी बसायचे, कधी सुटी घ्यायची हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्या हृदयाला जास्त धोका असतो. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हुकमावर राबण्याचेच काम केले आहे. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

बाबासाहेबांच्या देहाची किंमत

आता अठरा तासांकडे वळू. बाबासाहेब लंडनला १९२० ते १९२३ या काळात अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यांच्या चरित्राचे पुढचे पान आपण मुलांना क्वचितच वाचून दाखवतो. मधुमेहाने त्यांना गाठले होते. पायांच्या वेदनांनी रात्र-रात्र झोप लागत नसे. घटना समितीच्या मसुद्याचे काम याच अवस्थेत चालले होते. मसुदा समितीत सात सभासद, पण कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी अमेरिकेत, कोणी दिल्लीपासून दूर. त्यामुळे मसुद्याचा भार शेवटी एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला, हे समितीचे सभासद टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीतच सांगितले. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले तेव्हा बाबासाहेब अवघे ६५ वर्षांचे होते. आदल्या रात्रीही धम्मग्रंथाचे कागद त्यांच्यापाशी होते.

मधुमेह कामानेच झाला असे कोणी म्हणणार नाही. पण आजारी देहाला जी विश्रांती हवी होती, ती त्यांना मिळाली नाही. आणि माता रमाई? उपासमार, पतीचा विरह, चार लेकरांचे मृत्यू सोसून २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या, तेव्हा वयाची चाळिशीही गाठली नव्हती.

या दोघांनी देह झिजवला तो आपणही तसेच झिजावे म्हणून का? बाबासाहेबांनी केलेले कायदे पाहा, उत्तर मिळेल. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. फॅक्टरी कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक त्यांनी मांडले. त्यातून १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. सहा दिवसांचे आठ-आठ तास! कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. बी. पी. आडारकर यांचा अहवाल १९४४ साली आला तोही त्यांच्याच कारकिर्दीत. त्याच पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. स्वतः अठरा तास राबणाऱ्या माणसाने कामगाराला आठ तास मिळवून दिले. वारसा सांगायचा तर दोन्हींचा सांगू या.

रविवारही असाच मिळाला. नारायण मेघाजी लोखंडे हे मूळचे आपल्या ठाण्याचे, १८४८ सालचा जन्म. रेल्वे आणि पोस्टात नोकरी केली, मग गिरणीत स्टोअरकीपर झाले. महात्मा फुल्यांचे हे सत्यशोधक सहकारी गिरणी कामगारांसाठी उभे राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. तो रविवार आज आपण ओव्हरटाइमला सहज विकून टाकतो.

त्यातच ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास आणि तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट आहे. म्हणून न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नका. जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने मिळतो का, तेही पाहा.

वीणेची तार

भगवान बुद्धांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. सोण नावाचा भिक्खू इतक्या जिद्दीने चंक्रमण करी की त्याच्या तळपायांतून रक्त येऊ लागले. तरी यश येईना, तेव्हा तो निराश झाला. गृहस्थ असताना तो वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजेल का? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. प्रयत्नांचेही तसेच आहे, असे भगवंतांनी त्याला समजावले.

दुसरा प्रसंग कपिलवस्तूचा. शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश चालला होता. पाठ दुखू लागली तेव्हा भगवंतांनी तसे सरळ सांगितले, पुढचा उपदेश आनंदावर सोपवला आणि चीवराची घडी घालून ते उजव्या कुशीवर पहुडले. तथागतांना आपली पाठ दुखते हे सांगण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या ताईला, दादाला तरी का वाटावा?

घरात काय करावे?

पहिली गोष्ट, आनंदासारखे कोणीतरी काम उचलले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात, पुरुषांपैकी जे करतात त्यांची ८८. पाणी भरणे, भांडी, मुलांचा डबा हे मुलग्यांनी आणि बापानेही वाटून घ्यावे. त्याने बाईला रात्री एक तास झोप जास्त मिळाली तरी पुष्कळ झाले.

दुसरी, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी महापालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासावी. दाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याच्यावर आला तर डॉक्टरांकडे जावे. "बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद करू नये. वाढलेला दाब बहुतेकदा दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे. सुकट, बोंबील, पापड, लोणचे यांतले मीठ आवरावे. मिश्री, तंबाखू सोडावी. दारूने थकवा जात नाही, झोप मात्र मोडते. पाचवे शील आरोग्याचेही शील आहे.

तिसरी, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे, किंवा छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. सकाळपर्यंत थांबू नये.

चौथी, पगारातून राज्य विम्याची कपात होत असेल तर ते कार्ड पेटीत ठेवू नका. अटी पूर्ण असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. ती कंपनीची मेहेरबानी नाही, आपल्याच वर्गणीचा पैसा आहे.

आणि शेवटी कार्यकर्त्यांना विनंती. रविवारी विहारात वंदनेनंतर आपण सूचना देतो, वर्गणी गोळा करतो. महिन्यातून एका रविवारी तिथेच रक्तदाबाचे यंत्र ठेवा. वहीत नावे लिहा आणि ज्याचा दाब जास्त आला त्याला सोमवारी दवाखान्यात घेऊन जायला सोबत द्या. एकटा माणूस खाडा नको म्हणून जात नाही. सोबत असली की जातो.

जय भीम! नमो बुद्धाय!