गांजाचे व्यसन : ओळख व उपचार

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक काही लिहून द्यावे, अशी विश्वस्त मंडळींची सूचना आली तेव्हा शिष्यवृत्त्यांचा आढावा घ्यावा, असे प्रथम आमच्या मनात आले. त्यासाठी जुनी वही काढली. तीत एका नावापुढे 'नापास, सबब मदत बंद' असा शेरा आमच्याच हस्ताक्षरात आढळला. तो लिहिला त्या दिवशी त्या मुलास काय झाले होते, हे आम्हास ठाऊक नव्हते. म्हणून आढावा बाजूस ठेवून हा विषय घेतला आहे.

मुलगा दहावीत होता. गणितात त्याचा हात कोणी धरीत नसे. सहामाहीनंतर तो वर्गात डुलक्या घेऊ लागला, डोळे तांबडे दिसू लागले. 'बघा, रात्र रात्र जागून अभ्यास करतो', असे आम्ही इतर मुलांना सांगितले! पुढे गृहपाठ येईनासा झाला, फुटबॉल सुटला, विचारलेला प्रश्न दोनदा सांगावा लागू लागला. आम्ही त्यास बाकावर उभे केले, वर्गाबाहेर काढले. बी.एड.ला बालमानसशास्त्राची प्रकरणे आम्ही घोकली होती, पण समोरच्या मुलाचे डोळे काही वाचता आले नाहीत. परीक्षेनंतर वडील आले आणि म्हणाले, "सर, पोरगं खोलीत उदबत्त्या जाळून बसतंय. दीनदार झालाय म्हणावं, तर मशिदीकडं फिरकत नाही." तेव्हा कोठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

आपल्या घरांतून दारूविषयी फार जागरूकता असते. दारू हराम, हे पाळण्यातले पोरही जाणते. तोंडाला वास आला की घरभर कल्लोळ होतो. परंतु गांजाला कित्येकजण फकीर-मलंगांची किंवा साधू-बैराग्यांची चीज समजतात. एखाद्या दर्ग्याच्या मागे चिलीम पेटते, एखाद्या मठाच्या ओसरीवर पेटते, आणि जो तो दुसऱ्याच्या चिलमीकडे बोट दाखवितो. मुलाने मात्र ती ना दर्ग्यात घेतलेली असते ना मठात; ती त्याला शिकवणीच्या वर्गामागील बोळात मित्राने दिलेली असते. चिलीमही आता राहिली नाही. तयार कागदी कोन मिळतात. मुले त्यांना 'गोगो' म्हणतात. सिगारेटमधील तंबाखू काढून तीत गांजा मिसळून पुन्हा भरण्याची रीतही आहे. हा तंबाखूचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

भांग, गांजा आणि चरस ही तिन्ही एकाच झाडाची. पाने ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा आणि त्यांवरचा चिकट राळेसारखा रस तो चरस. इंग्रज सरकारने १८९३-९४ साली या पदार्थांची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला होता. माफक सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा त्याचा सर्वसाधारण अभिप्राय पडला. 'गांजाने काही होत नाही' म्हणणारी शहाणी मंडळी अद्याप त्याच तऱ्हेचे बोलतात. परंतु त्या काळी मेंदूची वाढ कोणत्या वयापर्यंत चालते, हे कोणास माहीत नव्हते. ती सुमारे पंचविशीपर्यंत चालते, आणि निर्णय घेणे, मोह आवरणे, पुढचा विचार करणे ही कामे ज्या भागाकडे आहेत तो कपाळामागील भाग सर्वांत शेवटी पक्व होतो. चाळिशीतला बैरागी आणि पंधरा वर्षांचा विद्यार्थी यांना एका मापाने मोजता येत नाही.

नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी होय. १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळे काढले. पुढे असे दिसून आले की, मेंदूतील पेशींवर या द्रव्यास बसण्याजोग्या जागा मुळातच आहेत, कारण मेंदू स्वतः तशाच जातीचे एक द्रव्य तयार करीत असतो. मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत १९९२ साली ते सापडले आणि संस्कृतातील 'आनंद' शब्दावरून त्याला आनंदामाइड असे नाव देण्यात आले. भूक, झोप, स्मरण, भीती यांचा तोल राखण्याच्या कामी हे द्रव्य उपयोगी पडते. रोज बाहेरून टीएचसीचा लोंढा आला म्हणजे मेंदू त्या जागा कमी करतो. मग पहिल्याइतक्या गांजाने नशा येत नाही, आणि गांजा नसेल तर साधे जेवण, खेळ, गप्पा यांतही गोडी वाटत नाही. व्यसन म्हणतात ते हेच. त्यात मुलाच्या बदमाषीचा भाग आपण समजतो त्याहून फार थोडा. समाधानाची गोष्ट ही की, सेवन थांबले म्हणजे सुमारे महिन्याभरात या जागा बहुतांशी पूर्ववत होऊ लागतात.

गांजा घेणारा प्रत्येकजण व्यसनी होतो असे नाही. साधारणपणे दहांत एक होतो. परंतु सुरुवात कुमारवयात झाली असेल तर सहांत एक, असा तज्ज्ञांचा जुना अंदाज आहे, आणि अलीकडील काही अंदाज त्याहून जास्त आहेत. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या देशात सुमारे ७२ लाख लोकांना भांग-गांजा-चरसाच्या सवयीपायी मदतीची गरज असल्याचे दिसले. त्याखेरीज वेडाचाही धोका आहे. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यात भरतीसाठी आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांवर पुढे पंधरा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांनी तोवर पन्नासाहून अधिक वेळा गांजा वा चरस घेतला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट निघाले. सर्व दोष गांजाचाच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण घराण्यात असा आजार असेल त्या मुलाने तर या वाटेस जाऊच नये.

आता ओळखावे कसे? घेतल्यापासून दोन-तीन तासांत दिसणारी चिन्हे म्हणजे तांबडे डोळे, कोरडे तोंड, अवेळी कडकडून भूक आणि त्यातही गोडाची ओढ, क्षुल्लक गोष्टीवर हसू, बोलताना धागा सुटणे. जळक्या पाल्याचा उग्र वास कपड्यांना येतो. तो झाकण्यासाठी अत्तर, उदबत्ती, पुदिन्याच्या गोळ्या. डोळ्यांची लाली घालविण्याचे थेंब दप्तरात सापडले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी नसली, तर विचारपूस करावी. दीर्घकाळाची चिन्हे मात्र वासाने कळत नाहीत. जुने मित्र सुटून नवे येतात आणि त्या नव्यांना घरी आणले जात नाही. आवडीचा खेळ वा छंद सुटतो. पाकिटातून पन्नास-शंभर रुपये कमी होऊ लागतात. सकाळी उठवत नाही. 'करू, होईल' हा एकच सूर लागतो. आणखी एक विचित्र लक्षण आहे, ते क्वचित दिसते पण डॉक्टरांनाही चकविते. बरीच वर्षे रोज घेणाऱ्या काहींना वारंवार ओकाऱ्या होतात आणि ऊन पाण्याने अंघोळ केली की त्यांना बरे वाटते. घरात कोणी तासन् तास गरम पाण्याखाली बसत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी.

येथे एक धोक्याची सूचना. वरील चिन्हे इतर कारणांनीही होतात. रक्त कमी असणे, थायरॉइडचा विकार, मनाची उदासी, शाळेतील छळ, प्रेमातील निराशा, या सर्वांनी मूल मलूल होते. एका चिन्हावरून निकाल देऊ नये. चोरून लघवी तपासण्याचा खटाटोपही करू नये. टीएचसी शरीरातील चरबीत मुरते, त्यामुळे रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते सोडल्यावर महिनाभरही सापडू शकते. बिचाऱ्याने तीन आठवडे प्रामाणिकपणे सोडलेले असते आणि बाप कागद नाचवून त्याला खोटारडा ठरवितो.

समजल्यावर आपल्याकडे चार उपाय ठरलेले असतात. मारणे, कोंडणे, मामाकडे गावी धाडणे आणि मुलगा वीस-बाविशीचा असेल तर लग्न लावून देणे. शेवटच्या उपायाने एकाच्या जागी दोघांचे नुकसान होते, एवढेच म्हणतो. ताबीज-दुव्याची चेष्टा आम्ही करणार नाही. आईच्या जिवाला त्याने आधार वाटतो. परंतु दुवा मागून डॉक्टरकडे जावे. दुवा मागून घरी बसू नये.

पहिले बोलणे नशा उतरलेली असताना करावे, सकाळी, एकाच वडीलधाऱ्याने. पंचायत भरवू नये. 'तू घेतोस का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येते. त्याऐवजी 'तुझा खेळ सुटला, झोप मोडली, हे आम्ही पाहतो आहोत. काय होते आहे?' असे विचारावे. समुपदेशकांची एक युक्ती आम्हास फार पटली. ते मुलाला विचारतात, 'सोडावेसे किती वाटते? दहांपैकी गुण दे.' मुलगा म्हणतो, 'तीन.' आम्ही शिक्षक लगेच 'तीनच का?' म्हणून ओरडलो असतो. ते विचारतात, 'एक का नाही? तीन कसे?' मग मुलगा स्वतःच्या तोंडाने सोडण्याची कारणे सांगू लागतो. स्वतःच्या तोंडून निघालेले कारण मनात टिकते. आमच्या तोंडचे वर्गाबरोबर संपते.

केवळ गांजा सोडविणारे असे मान्यताप्राप्त औषध आजमितीस नाही. जाहिरातींतील चूर्णांवर पैसे घालवू नयेत. उपचार म्हणजे मुख्यतः बोलणे आणि सराव. कोणत्या वेळी, कोणाबरोबर, कोणत्या जागी तलफ येते याची मुलाकडून नोंद करून घेतात; 'चल, एकच झुरका' म्हणणाऱ्या मित्रास काय सांगायचे, याची तालीम करवितात; रिकाम्या झालेल्या संध्याकाळी काय करायचे ते ठरवितात. कुमारवयीन मुलांच्या बाबतीत आई-वडिलांनाही बसवून घेणारी पद्धत विशेष गुणकारी ठरली आहे. बहुतेकांना इस्पितळात राहावे लागत नाही. उदासी किंवा अन्य मानसिक विकार जोडीला असेल तर त्याची औषधे देतात. कानात आवाज येणे, लोक आपल्या वाईटावर आहेत असा संशय, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, यांपैकी काही असेल तर मात्र त्याच दिवशी मानसोपचार-तज्ज्ञ गाठावा.

सोडल्यानंतरच्या पंधरवड्यासाठी घरच्यांनी तयारी ठेवावी. एक-दोन दिवसांत चिडचिड, घाम, भूक मरणे, झोप न लागणे, भयंकर स्वप्ने सुरू होतात. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वांत अधिक असतो आणि पुष्कळसा दोन आठवड्यांत ओसरतो. झोपेची तक्रार आणखी लांबते. या दिवसांत मुलगा ताट ढकलतो, उलट बोलतो. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी आठव्या दिवशी हात उगारला आणि मुलगा घराबाहेर गेला तो परत त्याच बोळात. आम्ही त्यांना आधी बजावून ठेवावयास हवे होते. आणि आता तो तंबाखूचा मुद्दा. गांजा तंबाखूत मिसळून घेतलेला असल्यामुळे मुलाला निकोटिनचीही सवय जडलेली असते. गांजा सुटला आणि सिगारेट राहिली, तर त्या प्रत्येक सिगारेटीला गांजाची आठवण चिकटलेली असते. दोन्हींचा उपचार बरोबर करून घ्यावा. त्या मुलाचे दुसऱ्यांदा घसरणे असेच झाले.

पालक डॉक्टरकडे जात नाहीत, त्याचे मोठे कारण पोलिसांची भीती होय. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा बाळगणे व सेवन करणे गुन्हाच आहे. परंतु त्याच कायद्याचे कलम ६४-अ असे सांगते की, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल व ते पुरे करील, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाऊ शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन आहे आणि साखळीने बांधण्यास मनाई आहे. 'केंद्र' म्हणून पाटी लावून मुलांना बडविणाऱ्या जागा असतात. भरती करण्यापूर्वी नोंदणी पाहावी, आणि मुलाला भेटू देत नसतील तर तेथे ठेवू नये.

आपल्या बेळगावच्या मंडळींना धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था जवळची. गोव्याकडच्यांना बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने उभे केले. तेथे मराठीतून बोलता येते, हा मोठाच आधार. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची विनाशुल्क दूरध्वनी-सेवा आहे; मनाच्या कोणत्याही तक्रारीसाठी १४४१६.

तो मुलगा तिसऱ्या प्रयत्नात सावरला. दोन वर्षे मागे पडून दहावी झाला आणि आता आय.टी.आय.त वीजकाम शिकतो. त्या दोन वर्षांत त्याची फी एका नातेवाइकाने भरली, ट्रस्टने नव्हे. आपल्या नियमात आजारी विद्यार्थ्यास एक वर्षाची सूट आहे. तिच्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि टायफॉइड वा अपघात झालेल्या मुलांनी तिचा लाभ घेतला आहे. व्यसनाच्या उपचाराचा दाखलाही त्यात धरावा, अशी आमची विश्वस्तांना विनंती आहे. असा अर्ज बंद पाकिटात चिटणिसांकडे यावा, त्यांनी व एका डॉक्टर सभासदाने तो पाहावा, आणि सभेच्या इतिवृत्तात मुलाचे नाव न घालता केवळ क्रमांक घालावा.