स्थिर होडी, चालती बेटे

माझे वडील भूमि-अभिलेख खात्यात मोजणीदार होते, आणि साखळी, फलक, दुर्बीण व झेंड्यांच्या काठ्या वाहणाऱ्या माणसांच्या मागोमाग बांधाबांधावरून हिंडण्यात माझ्या बालपणीच्या कित्येक सुट्ट्या गेल्यामुळे, नकाशा या वस्तूचे जे वेड मला लागले ते सत्तरी उलटल्यावरही यत्किंचित उतरलेले नाही. वडील सांगत, "नकाशा उघडलास की आधी स्वतःला शोध, तू सापडलास की गाव आपोआप सापडेल." समोरचा डोंगर, पलीकडचे देऊळ आणि ओढ्याचे वळण यांची कागदाशी गाठ घालून 'आपण येथे उभे आहोत' असे बोट टेकवून दाखविणे ही तेव्हा परीक्षाच असे, आणि तीत मी पुष्कळदा नापास होई. खिशातल्या फोनने ही परीक्षाच रद्द करून टाकली. फोनवरचा नकाशा उघडावा तो निळा ठिपका मध्यभागी अगोदरच येऊन बसलेला असतो, आणि आपण वाट चालू लागलो की तो जागचा न हलता त्याच्याखालून रस्ते, पूल आणि पेठा मागे मागे सरकत जातात. एवढ्याशा या फरकात एका अख्ख्या उद्योगाची उलथापालथ साठवलेली आहे अशी माझी बरीच जुनी समजूत आहे, आणि ती मांडण्यास दिवाळी अंकाइतकी ऐसपैस जागा दुसरीकडे मिळणे नाही.

यंत्रविद्येची बाजू आधी उरकून घेतो. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे किमान चोवीस उपग्रह अचूक वेळेचा घोष करीत फिरत असतात. फोन त्यांना काही विचारीत नाही, तो केवळ ऐकतो, आणि निदान चार उपग्रहांचे घोष किती उशिराने कानी आले यावरून स्वतःची जागा काढतो. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार ही वरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांहून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, आणि तेवढी वजावट केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरांचा घोटाळा व्हावा. यंत्रणा मूळची लष्करी. १ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले, २६९ माणसे प्राणास मुकली, आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ती नागरी वापरास खुली करण्याचे जाहीर केले. तरी नागरी संकेतात बुद्ध्या मिसळलेली खोट मे २००० मध्ये काढून टाकीपर्यंत शंभरेक मीटरांची चूक पदरी घेऊनच चालावे लागे. आपल्या इस्रोने २०१३ साली सात उपग्रहांची 'नाविक' यंत्रणा उभारण्यास आरंभ केला. शास्त्रार्थ इतका पुरे.

माझे मन रमते ते उपग्रहांत नव्हे, तर पॅसिफिक महासागरातल्या कॅरोलाइन बेटांवरच्या नावाड्यांत. थॉमस ग्लॅडविन या मानववंशशास्त्रज्ञाने पुलुवत बेटावरील नौकानयनाविषयी १९७० साली लिहिलेले पुस्तक योगायोगाने हाती आले आणि त्यातल्या एका कल्पनेने मला जे धरले ते अजून सोडलेले नाही. त्या नावाड्यांपाशी होकायंत्र नव्हते, नकाशा नव्हता. पण एका बेटावरून दुसऱ्याकडे जाताना ते बाजूला, क्षितिजाआड असलेले तिसरेच एक बेट मनाशी धरीत, आणि आपली होडी भर समुद्रात स्थिर उभी असून ते न दिसणारे बेटच एकेका ताऱ्याच्या उगवतीच्या वा मावळतीच्या जागेखालून मागे सरकते आहे, असा हिशेब ठेवीत. बेट एका ताऱ्याखालून पुढच्या ताऱ्याखाली गेले की प्रवासाचा एक टप्पा संपला! या रीतीला त्यांच्या भाषेत 'एटाक' म्हणतात. हा अडाणीपणा आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी सातवल बेटाच्या माऊ पियाइलुग या नावाड्याची कीर्ती ऐकावी. १९७६ साली 'होकुलेआ' नावाची जोड-होडी त्याने एकाही यंत्राची मदत न घेता हवाईहून ताहितीला, म्हणजे सुमारे चार हजार किलोमीटर, बिनचूक नेली.

आता योगायोग पाहावा. स्टॅन हनी नावाचा एक अमेरिकन अभियंता शिडाच्या होड्यांच्या शर्यतींतला निष्णात मार्गदर्शक होता, आणि १९८३ साली लॉस एंजेलिस ते होनोलुलू या शर्यतीत तो ज्या होडीवर होता तिचे मालक होते नोलान बुशनेल, म्हणजे 'अटारी' या व्हिडिओ-खेळांच्या कंपनीचे संस्थापक. बुशनेल यांच्या भांडवलावर हनीने मोटारीत बसविण्याचे मार्गदर्शक यंत्र काढले आणि कंपनीला नाव दिले 'एटाक'. १९८५ साली सुमारे चौदाशे डॉलरांना विकल्या जाणाऱ्या त्या यंत्राच्या हिरव्या पडद्यावर मोटारीची खूण म्हणून एक लहानसा त्रिकोण मध्यभागी स्थिर असे आणि शहराचे रस्ते त्याच्याभोवती फिरत व सरकत. त्याला उपग्रहाचा आधार नव्हता. चाके किती फिरली हे मोजावयाचे, होकायंत्रावरून दिशा घ्यावयाची, आणि मोटार ज्या अर्थी चालते आहे त्या अर्थी ती रस्त्यावरच असणार या साध्या विश्वासाने नकाशाशी मेळ घालून चूक दुरुस्त करावयाची, असा त्याचा सगळा खाक्या. नकाशे साठविलेले असत ते आपण गाणी ऐकत असू तसल्या कॅसेटींवर, आणि मोठे शहर ओलांडावयाचे तर कॅसेट बदलावी लागे. आजच्या फोनवरचा निळा ठिपका हा त्या त्रिकोणाचा वंशज आणि तो त्रिकोण पुलुवतच्या होडीचा, हे ध्यानात आल्यापासून चौकात सिग्नलला उभा असतानाही मला उगीचच समुद्राचा वास येतो.

समुद्राचाच विषय निघाला म्हणून हर्णैची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. संध्याकाळचा मासळीचा लिलाव आटोपल्यावर एका वयस्क तांडेलाशी बोलत बसलो होतो. समोर सुवर्णदुर्ग काळवंडत चालला होता. पूर्वी वाट कशी धरायचात, असे विचारता तो म्हणाला, "काका, बुरूज नि मागचा डोंगर एका रेघेत धरायचा. बुरूज सरकला की समजायचं, पाणी ओढतंय." होडी सरकली असे तो म्हणाला नाही, बुरूज सरकला असे म्हणाला! ज्या कल्पनेसाठी मी पुस्तके धुंडाळली ती या माणसाच्या बोलण्यात इतकी सहज वावरत होती, की मला माझ्या व्यासंगाची थोडी लाज वाटली. आता त्याच्या होडीवर जीपीएस आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ते यंत्र त्याने मोठ्या कौतुकाने काढले, आणि जेथे जेथे चांगली मासळी लागली त्या जागांचे 'पॉइंट' त्यात कसे साठविलेले आहेत हे तो दाखवू लागला. इतक्यात शेजारच्या होडीवरचा एक जण सहज जवळ आला, तेव्हा तांडेलाने काही न बोलता यंत्र मांडीवर पालथे घातले, आणि तो गेल्यावरच पुन्हा उताणे केले. त्या पालथ्या यंत्राची आठवण वाचकांनी ठेवावी. शेवटी ती लागणार आहे.

धंद्याकडे वळू. एटाक पुढे हातोहाती फिरत टेले ॲटलास या नकाशे पुरविणाऱ्या कंपनीत विलीन झाली. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटारीच्या काचेला चिकटवावयाच्या मार्गदर्शक डब्यांचा सुकाळ झाला, आणि अमेरिकेच्या गार्मिनने व हॉलंडच्या टॉमटॉमने त्यावर अमाप पैसा मिळविला. नकाशा हीच खरी दौलत अशी सर्वांची खात्री पटलेली. म्हणून २००७ साली नोकियाने नॅव्हटेक ही नकाशा-कंपनी ८.१ अब्ज डॉलरांना घेण्याचा सौदा केला आणि पुढच्याच वर्षी टॉमटॉमने टेले ॲटलास २.९ अब्ज युरोंना घेतली. इतकी रक्कम मोजून दोघे स्वस्थ बसतात न बसतात तोच, २८ ऑक्टोबर २००९ रोजी, गूगलने आपल्या फोनवर वळणावळणाला बोलून रस्ता सांगणारी सेवा फुकट देण्याचे जाहीर केले, आणि गार्मिन व टॉमटॉम या दोघांच्याही समभागांचे भाव त्या एका दिवसात धडाधड कोसळले. नोकियाने आपला नकाशा-विभाग २०१५ साली आउडी, बीएमडब्ल्यू व डाइम्लर या जर्मन मोटारवाल्यांना २.८ अब्ज युरोंना देऊन टाकला. काल जी वस्तू विकत होती ती आज कोणी फुकट वाटू लागला, तर त्याला मोबदला दुसरीकडून मिळत असला पाहिजे, हे आमच्या गावचा वाणीही सांगेल.

आपल्याकडची कथा निराळीच आहे. मी कोकणचा, आणि किनाऱ्यालगतच्या व सरहद्दीलगतच्या पट्ट्याचे सर्वेक्षण खात्याचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला बंद असल्यामुळे, मोजणीदाराचा मुलगा असूनही माझ्या स्वतःच्या गावाचा नकाशा मला सरळ दुकानात जाऊन विकत घेता येत नसे. पुढे परदेशी उपग्रहाच्या छायाचित्रात आमची विहीर, तिच्यावरचा रहाट आणि रहाटामागची पोफळीची रांग घरबसल्या दिसू लागली, तरी सरकारी नकाशावरचा निर्बंध कायमच! फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय कंपन्यांना नकाशे करण्याची वाट पूर्वपरवानगीच्या जाचातून मोकळी केली, तेव्हा ही विसंगती एकदाची संपली. आपल्या पत्त्यांची तऱ्हा तर विचारूच नये. 'पत्र्या मारुतीच्या अलीकडे, चक्कीच्या वर' हा पुण्यात संपूर्ण पत्ता होऊ शकतो. आणि आपण रस्त्याच्या नावाने नव्हे तर ओळखीच्या खुणेने चालतो हे ध्यानी येऊन गूगललाही २००९ च्या डिसेंबरात भारतापुरत्या खुणा सांगणाऱ्या सूचना द्याव्या लागल्या.

या गोंधळाला पहिला लगाम घातला तो मात्र एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाकतार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा अंकी पिनकोड ही त्यांची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कचेरीचे, अशी ती बांधणी पाहिली की छंदःशास्त्राचे गण मोजणाऱ्या कवीचाच हात तीत दिसतो, असे मला तरी वाटते. २०२५ साली टपाल खात्याने आणलेला दहा अक्षर-अंकी 'डिजिपिन' देशाचे सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोन पाडून प्रत्येकाला स्वतंत्र संकेत देतो. म्हणजे वेलणकरांच्या अंकांनी टपाल कचेरीपर्यंत पोहोचणारी वाट आता थेट आपल्या तुळशीवृंदावनाशी येऊन थांबली.

आणखी एक आडवळण घेतो, कारण हिंगणघाटला गेल्याचे सांगितले नाही तर माझा लेख मलाच अपुरा वाटेल. हिंदुस्थानचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण ज्याने १८०२ साली मद्रासला आरंभिले तो विल्यम लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर असता हिंगणघाटात वारला आणि तेथेच पुरला गेला. त्याचे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढविताना दोर तुटून आदळले, तेव्हा या गृहस्थाने सहा आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले होते. काही वर्षांपूर्वी मी त्याची कबर पाहावयास गेलो, तो फोनवरच्या एका ॲपने मला कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी आणून 'आपण पोहोचला आहात' असे ठणकावून सांगितले. शेवटी एका चहावाल्याने हातातली किटली न ठेवता मानेनेच दिशा दाखविली, ती बरोबर निघाली.

चहावाल्याने त्या दिशेचे काही घेतले नाही. फोन मात्र घेतो. रस्ता तुंबला आहे हे त्याला कळते ते त्याच रस्त्यावरच्या हजारो खिशांतले फोन आपापला वेग मुकाट्याने कळवीत असतात म्हणून. २०२० साली बर्लिनच्या सिमोन वेकर्ट या कलावंताने ९९ जुने फोन एका लाल हातगाडीत भरून ती रिकाम्या रस्त्याने सावकाश ओढीत नेली, आणि गूगलच्या नकाशावर तो मोकळा रस्ता वाहतुकीने तुंबल्यासारखा लाल झाला! विनोद सोडला तर अर्थ उघड आहे: पूर्वी वाटसरू पैसे देऊन नकाशा घेई; आता वाटसरूंच्या पावलांवरून नकाशा ताजा होतो, आणि त्याच पावलांच्या नोंदीवर जेवण पोहोचविणारे, टॅक्सी धाडणारे आणि जाहिराती दाखविणारे सर्व धंदे चालतात. मी या सोयीचा शत्रू नाही; रात्री-अपरात्री दवाखाना शोधणाऱ्याला तिची किंमत विचारावी. पुलुवतचा नावाडीही स्वतःला मध्यभागी ठेवून जग सरकवीत होता. पण त्याचा हिशेब त्याच्या डोक्यात असे, आणि आपला हिशेब दुसऱ्याच्या दप्तरात लिहिला जातो.

आपण कोठे आहोत या माहितीचे मोल हर्णैच्या तांडेलाला पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्याने यंत्र पालथे घातले. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला खरा, परंतु कायदा तुमच्या मांडीवरचे यंत्र पालथे घालावयास येणार नाही. तेव्हा फराळ झाल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन, तुमचे ठिकाण जाणण्याची मुभा कोणकोणत्या ॲपांना आहे ती यादी एकवार उघडून पाहावी, एवढीच विनंती. मी उघडली तेव्हा तीत विजेरीचे ॲपसुद्धा होते. त्याची मुभा काढून घेतली. विजेरी पूर्वीइतकीच लख्ख लागते.