टीव्हीवरचे खड्यांचे दागिने : घ्यावेत की नाही?

तिकोणा पेठेतून आम्ही बचत गटाच्या सगळ्याजणी आज तुमच्याशी बोलतोय. विषय तसा हौसेचा आहे, पण पैशाचाही आहे. टीव्हीवर जे खड्यांचे दागिने विकतात, ते घ्यावेत का? घेतले तर काय बघून घ्यावेत? आणि फसलो तर जायचं कुठे?

हा विषय आमच्या बैठकीत आला तो एका ताईंमुळे. त्यांना विचारूनच सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही.

भाताची लावणी उरकली की आपल्या मावळात बायकांना थोडी सवड मिळते. बाहेर पाऊस धो धो, गडावर धुकं, घराबाहेर पडायची सोय नाही. मग दुपारी टीव्ही लागतो. अशाच एका दुपारी ताईंनी एक सेट पाहिला. लाल खड्यांचा हार, कानातले, नथ आणि दोन बांगड्या. किंमत १,९९९ रुपये. बोलणारी बाई पुन्हा पुन्हा ‘सोन्याचा सेट’ म्हणत होती. खाली घड्याळ उलटं पळत होतं आणि ‘फक्त इतकेच नग शिल्लक’ असं येत होतं. नणंदेच्या मुलीचं लग्न जवळ आलेलं, आणि ताईंचं स्वतःचं मंगळसूत्र आधीच गहाण होतं. त्यांनी गटातून दोन हजारांचं अंतर्गत कर्ज उचललं. कारण ‘घरखर्च’ असं लिहिलं. पार्सलवाला गावापर्यंत आला नाही, पवनानगरला बोलावून पैसे घेतले आणि डबा हातात दिला.

लग्नात हार छान दिसला. चारजणींनी कौतुक केलं. ताईंनी तो कापसात गुंडाळून पेटीत ठेवला. अडीअडचणीला होईल म्हणून.

अडचण त्याच हिवाळ्यात आली. सासूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात अनामत भरायला सांगितली. ताई हार घेऊन सराफाकडे गेल्या. त्याने कसोटीवर हार घासला आणि हळूच म्हणाला, “ताई, हे बेंटेक्स आहे. खडे काचेचे आहेत. यावर मी काय देऊ?”

त्या संध्याकाळी गटाने आठ हजार उभे केले आणि वेळ निभावली. पण ताई महिनाभर बैठकीला आल्या नाहीत. दोन हजार गेल्याचं दुःख नव्हतं, असं त्या नंतर म्हणाल्या. “माझ्याजवळ काहीतरी आहे, या भरवशावर मी सहा महिने निवांत झोपले होते. तो भरवसाच खोटा निघाला.”

कोणाचं काय मत पडलं

पुढच्या बैठकीत आम्ही विचारलं, टीव्हीवरून दागिना आणखी कोणी घेतलाय? आधी सगळ्या गप्प. मग बारा जणींपैकी पाच हात वर आले. म्हणजे प्रत्येकीला वाटत होतं की आपणच एकट्या.

एक काकू म्हणाल्या, “मी तर खूश आहे. एसटीने माहेरी जाताना खरं सोनं घालून जीव मुठीत धरून बसावं लागायचं. आता हे घालते. गेलं तर गेलं.” एकीने मुलीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनासाठी ठुशी आणि नथ घेतली होती, तिचेही पैसे वसूल झाले. तिसरीचे खडे हळदीच्या दिवशीच गळायला लागले. चौथीच्या मानेला खाज सुटून चट्टे उठले. पाचवीला टीव्हीत दिसलेला हिरवा रंग एक आणि डब्यातला दुसराच निघाला.

या सगळ्यातून आम्हाला एक गोष्ट कळली. ‘हे नकली आहे’ हे माहीत असून जिने घेतलं, ती बहुतेक समाधानी होती. जिला खरं वाटलं, ती रडली. म्हणजे नकली दागिना वाईट नाही. नकलीला खरं म्हणून विकणं वाईट. अमेरिकेत क्यूव्हीसी नावाची वाहिनी १९८६ पासून टीव्हीवरून वस्तू विकते. तिथे कृत्रिम खड्यांचे दागिने ‘डायमोनीक’ या नावाने विकले जातात, पण ते कृत्रिम आहेत हे सांगून. घेणारीला कळतं की आपण चमक विकत घेतोय, हिरा नाही.

खडे तीन प्रकारचे

पहिला खाणीतून निघालेला खडा. माणिक, पाचू, नीलम, हिरा. हे दुर्मिळ असतात, म्हणून महाग.

दुसरा कारखान्यात तयार केलेला, पण आतून तोच पदार्थ असलेला. कृत्रिम माणिक शंभर वर्षांपूर्वीपासून बनतं. आता सुरतेत प्रयोगशाळेतले हिरेही बनतात. ते नकली नसतात, पण खाणीतल्यापेक्षा बरेच स्वस्त असतात आणि विकायला गेलं की किंमत फार कमी येते.

तिसरा नुसता तसा दिसणारा. रंगीत काच, प्लॅस्टिक, किंवा आपण ज्याला ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतो तो. याचं खरं नाव क्युबिक झिर्कोनिया. १९७० च्या दशकात तो बाजारात आला. गंमत म्हणजे तो हिऱ्यापेक्षाही जास्त रंगीत झळक मारतो, म्हणून टीव्हीच्या दिव्यांखाली फार सुंदर दिसतो. त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा तो दीडपटीहून जास्त जड असतो. काचेच्या खड्यात भिंगाने पाहिलं तर कधी कधी बारीक बुडबुडे दिसतात. स्वस्त खड्याच्या पाठीला चमकीचा पत्रा किंवा रंग लावलेला असतो. पाणी लागलं की तो काळा पडतो आणि खडा मरतो.

पण मैत्रिणींनो, खडा दातावर घासून किंवा फुंकर मारून ओळखायच्या घरगुती युक्त्यांवर पैसे लावू नका. शंका असेल तर जाणकाराला दाखवायचा.

शब्द नीट ऐका

टीव्हीवर जे बोलतात त्यात खरा अर्थ लपलेला असतो. ‘गोल्ड प्लेटेड’ म्हणजे पितळ-तांब्यावर सोन्याचा अगदी पातळ थर. ‘गोल्डन’ किंवा ‘गोल्ड टोन’ म्हणजे फक्त रंग, सोनं असेलच असं नाही. ‘एक ग्रॅम सोनं’ हे मुलामा दिलेल्या दागिन्यांचं बाजारातलं नाव आहे, त्यात एक ग्रॅम सोनं असतंच असं नाही. ‘रुबी रेड’ म्हणजे माणकासारखा लाल रंग, माणिक नव्हे.

आणि साधा हिशोब करा. सोन्याचा भाव तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला असतो. आज एका ग्रॅमलाच हजारो रुपये लागतात. मग दोन हजारांत हार, नथ, कानातले आणि बांगड्या सोन्याच्या कशा मिळतील? हा प्रश्न ताईंनी स्वतःला का विचारला नाही, असं आपल्याला वाटेल. कारण विचार करायला वेळच देत नाहीत. उलटं पळणारं घड्याळ त्यासाठीच असतं.

हे आम्ही मनाने बोलत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नापतोल या टीव्हीवरून वस्तू विकणाऱ्या कंपनीला दहा लाख रुपयांचा दंड केला. दिशाभूल करणाऱ्या ज्या जाहिराती बंद करायला सांगितल्या, त्यांत ‘दोन सोन्याच्या दागिन्यांचा सेट’ ही एक होती. कार्यक्रम आधी चित्रित केलेला असेल तर तसं स्पष्ट दाखवा, आणि ‘थोडाच वेळ, थोडाच माल’ अशी खोटी टंचाई भासवू नका, असंही सांगितलं. म्हणजे आपल्याला जी घाई वाटते, ती मुद्दाम लावलेली असते हे सरकारी आदेशातच आलं.

भाग्यरत्नांबद्दलही सांगायला हवं. हा खडा घाला, कर्ज फिटेल, मूल होईल, घरातलं भांडण मिटेल, असं कोणी सांगत असेल तर सावध व्हा. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका यंत्राच्या टीव्ही जाहिरातीवर निकाल दिला. वस्तूत चमत्कारी शक्ती आहे असं सांगून जाहिरात करणं आणि विकणं आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. श्रद्धा ज्याची त्याची. पण कर्ज फिटतं ते हप्ता भरून, हे बचत गटाला वेगळं सांगायला नको.

खरं घ्यायचं तर

सोनं घेताना हॉलमार्क बघा. त्यात तीन खुणा असतात : बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (जसं २२ कॅरेटसाठी २२के९१६), आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. एप्रिल २०२३ पासून दुकानदाराने हा क्रमांक असलेलाच हॉलमार्कचा दागिना विकायचा आहे. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याची माहिती दिसते. घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

पण लक्षात ठेवा, हॉलमार्क सोन्याची ग्वाही देतो, खड्याची नाही. खड्यांचा दागिना घेताना पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्यांचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. नाहीतर काचेचे पैसेही सोन्याच्या भावाने जातात. आणि मोडताना सराफ खडे आणि लाख वजा करूनच पैसे देतो. अडीअडचणीसाठी सोनं साठवायचं असेल तर बिनखड्याचं साधं वळं किंवा मणी बरे.

नकली घ्यायचं तर

हौसेसाठी खुशाल घ्या. फक्त हौसेच्या पैशातून घ्या, कर्ज काढून नको. घालायच्या आधी पावडर, अत्तर लावून घ्या, दागिना शेवटी घाला. घामाने, पाण्याने मुलामा उडतो, म्हणून शेतात आणि धुण्याला काढून ठेवा. खाज आली तर लगेच उतरवा. स्वस्त धातूत निकेल असतं, काहींच्या अंगाला ते चालत नाही. लहान मुलांच्या तोंडात तर हे दागिने जाऊच देऊ नका, काहींत शिसं असू शकतं.

पार्सल आलं की फोडताना मोबाइलवर चित्रीकरण करा. डबा, पावती, त्यावरचा पत्ता आणि फोन नंबर फेकू नका. आमच्या ताईंनी डबा चुलीत घातला होता. त्यामुळे तक्रार कोणाविरुद्ध करायची हेच उरलं नाही. पण ज्या मैत्रिणीचा रंग वेगळा निघाला, तिने सगळं जपून ठेवलं होतं. तिने फोन केले, लेखी कळवलं, हेल्पलाइनला सांगितलं आणि दीड महिन्याने पैसे परत मिळवले.

फसलो तर

आधी कंपनीला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तरीही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. कंपनी दिल्लीची असो की मुंबईची, आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे आपल्याला पुण्यात, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

आमच्या गटाने त्यानंतर दोन गोष्टी ठरवल्या. एक, हजार रुपयांवरची वस्तू टीव्ही किंवा मोबाइलवरून घ्यायची असेल तर आधी बैठकीत सांगायचं. परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचं. सांगताना आपलंच डोकं शांत होतं आणि आठवडा जातो. आठवड्यानंतरही घ्यावंसं वाटलं तर खुशाल घ्या. दुसरं, फसलेल्या बाईला कोणी हसायचं नाही. हसलो तर पुढची सांगणार नाही, आणि विकणारा नेमका आपल्या गप्प बसण्यावर जगतो.

ताई आता बैठकीला नियमित येतात. सासूबाई काठी घेऊन अंगणात फिरतात. गटाचं कर्ज फिटलं. यंदा भात विकून मंगळसूत्र सोडवलं. तो लाल खड्यांचा हार ताईंनी फेकला नाही. बैठकीत नवी बाई आली की त्या तोच हार तिच्या हातात देतात आणि विचारतात, “सांग बघू, कितीचा असेल?”

तुमच्याही गटात एकदा हे विचारून बघा. किती हात वर येतात ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.