डब्यातले मटार आणि डब्यातले टोमॅटो

हवाबंद डब्यात भरलेल्या भाजीचे पोषणमूल्य किती घटते, या प्रश्नाला सर्व भाज्यांना लागू पडेल असे एकच उत्तर देता येत नाही. कारण उष्णता आणि पाणी यांच्यापुढे प्रत्येक पोषकद्रव्य वेगळे वागते आणि कोणत्या भाजीत कोणते द्रव्य मुख्य आहे, यावर तिचा नफातोटा ठरतो.

निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न टिकवण्याची आपली रीत १८१० साली ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा तापवलेले अन्न नासत का नाही याचे कारण जगात कोणालाच ठाऊक नव्हते. ते कारण सूक्ष्मजीवांत आहे, आणि त्यांतल्या सर्वांत घातक असलेल्या क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे सुप्तावस्थेत तग धरून राहणारी त्याची रूपे, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून मटार, मका, फरसबी, पालक अशा कमी आम्लाच्या भाज्या, म्हणजेच ज्यांचा आम्लता मोजणारा सामू ४.६ च्या वर असतो अशा भाज्या, दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवाव्या लागतात. टोमॅटो मुळातच आंबट असल्याने त्याला इतकी आच सोसावी लागत नाही.

या आचेत सर्वाधिक हानी होते ती क जीवनसत्त्वाची. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार डबाबंद करताना गाजरातले सुमारे नव्वद टक्के, मटारातले जवळजवळ तीन चतुर्थांश, तर फरसबी आणि पालक यांतले साठ टक्क्यांहून थोडे अधिक क जीवनसत्त्व जाते. गाजराचा आकडा सर्वांत मोठा असला तरी त्याची खंत फारशी करू नये, कारण गाजर खावे ते कॅरोटीनसाठी, आणि पाण्यात न विरघळणारे हे नारिंगी द्रव्य डब्यात बऱ्यापैकी टिकून राहते. मटाराचे नुकसान मात्र खरे आहे. डबा उघडल्यावर दाणे पोपटी न दिसता मळकट शेवाळी दिसतात, कारण हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियम उष्णतेने आणि दाण्यातल्याच आम्लाने सुटून गेलेले असते. सोबतच्या गढूळ, खारट पाण्यात पोटॅशियम आणि ब गटातली काही जीवनसत्त्वे उतरलेली असतात. हे पाणी ओतून द्यावे तर ती जातात, ठेवावे तर सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियमची मर्यादा घातली असताना, पाणी निथळून भाजी धुऊन घेणेच अधिक शहाणपणाचे ठरते.

टोमॅटोची गोष्ट उलट आहे. त्याला लाल रंग देणारे लायकोपीन हे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य, म्हणजे पेशींची रासायनिक झीज रोखू शकणारे द्रव्य, कच्च्या फळात पेशीभित्तिकांमागे अडकून पडलेले असते. शिजताना त्या भिंती ढिल्या होतात, आणि स्निग्ध पदार्थात विरघळणारे हे द्रव्य फोडणीच्या तेलासोबत कच्च्या टोमॅटोपेक्षा अधिक सहज शोषले जाते. शिवाय डब्यातल्या फोडी लगदा होऊ नयेत म्हणून पुष्कळदा कॅल्शियम क्लोराइड घालतात, त्यामुळे त्यांत ताज्या टोमॅटोहून जास्त कॅल्शियम सापडते. मक्यातही असाच अनपेक्षित लाभ दिसतो: कॉर्नेल विद्यापीठात २००२ मध्ये झालेल्या अभ्यासात ११५ अंशांवर २५ मिनिटे तापवलेल्या स्वीट कॉर्नमधले क जीवनसत्त्व घटले, पण दाण्यात बद्ध असलेले फेरुलिक आम्ल मोकळे झाल्यामुळे एकूण ऑक्सिडीकरणरोधक क्षमता ४४ टक्क्यांनी वाढली.

तुलना करताना समोर कोणती ‘ताजी’ भाजी ठेवली जाते, हेही पाहायला हवे. खुडल्या क्षणापासून भाजीचे श्वसन चालूच असते आणि क जीवनसत्त्व झिजत जाते, तर सीलबंद डब्यात पुढची घट फार संथ होते. त्याच आढाव्यात ४ अंशांवर सात दिवस ठेवलेल्या मटाराने अवघे पंधरा टक्के क जीवनसत्त्व गमावल्याची नोंद आहे, फरसबीने मात्र ७७ टक्के, म्हणजे डब्यात भरताना जाते त्याहूनही जास्त. आणि फ्रिजमधल्या त्या फरसबीला अजून कढईत शिजायचे असते.