अभयारण्याबाहेरचे चिंकारे

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याहून मोरगावला निघाले की वाटेत सुपे लागते. बारामती तालुक्याच्या उत्तरेकडचे हे गाव. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे ‘पुणे आणि सुपे’ ही जोडी इतिहासाच्या पुस्तकांत कायमची बसली. आज मात्र पुण्याकडच्या माणसाला सुपे आठवते ते चिंकाऱ्यांमुळे. गावाजवळच्या माळाला १९९७ साली मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. नाव मोरगावच्या मयूरेश्वरावरून घेतलेले आणि क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. राज्यातील सर्वांत लहान अभयारण्यांत याची गणना होते. एखाद्या मोठ्या गावाचे शिवारही याहून मोठे भरते. त्यामुळे इथला चिंकारा कागदोपत्री अभयारण्यात राहतो आणि प्रत्यक्षात सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी अशा बारामती-इंदापूरकडच्या गावांच्या शिवारांत, माणसांच्या, मेंढरांच्या आणि ज्वारीच्या सोबतीने जगतो.

चिंकाऱ्याला गावकरी हरीणच म्हणतात, पण तो सांबर-चितळांच्या कुळातला नाही. सांबराची शिंगे भरीव असतात आणि ठरावीक काळाने गळून पुन्हा येतात. चिंकाऱ्याची शिंगे आतून पोकळ असतात आणि जन्मभर टिकतात. नर आणि मादी दोघांनाही शिंगे असतात. नराची जाड, वळ्या असलेली. मादीची काडीसारखी बारीक. खांद्यापाशी उंची सुमारे ६५ सेंटिमीटर आणि वजन २० ते २५ किलो, म्हणजे अंगाने बेताच्या शेळीएवढाच. रंग वाळलेल्या गवताचा, पोट पांढरे, डोळ्यापासून नाकपुडीपर्यंत फिकट पट्टा आणि सारखी हलणारी काळी शेपूट. माळावर नजर बसलेल्या माणसालाही चिंकारा आधी दिसत नाही, आधी ती शेपूट दिसते. काळविटांचे मोठे कळप होतात. चिंकारे दोन, तीन, चार असे हिंडतात. नर एकटाही राहतो आणि आपली जागा राखण्यासाठी ठरलेल्या ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. बांधालगत उघड्या जमिनीवर जुन्या, पांढुरक्या पडलेल्या लेंड्यांवर ताज्या काळ्या लेंड्यांचा थर दिसला, तर तिथे नराची हद्द आहे असे समजावे.

हा प्राणी इथे टिकला याचे कारण पाण्यात आहे. नेमके सांगायचे तर पाण्याच्या अभावात. सुपे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. जमीन मुरमाड, वर मातीचा पातळ थर, खाली काळा पाषाण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि बारामती तालुक्याचे दोन भाग पडले. कालव्याच्या पट्ट्यात ऊस, गूळ आणि पुढे साखर कारखाने आले. उत्तरेचा पट्टा जिरायती राहिला. सुप्याकडे बाजरी, मटकी, हुलगा, रब्बीची ज्वारी आणि मेंढरे यांवर संसार चालत आले. उसाच्या फडात चिंकाऱ्याला पळता येत नाही आणि दूरचे दिसतही नाही. मोकळी जमीन, आखूड गवत आणि लांबवर नजर पोचेल असा चढउतार ही त्याची गरज. ती कोरडवाहू पट्ट्याने भागवली. शिवाय पाण्यावाचून बरेच दिवस काढण्याची ताकद त्याच्यात आहे. पाला, शेंगा आणि पहाटेचे दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो निभावतो. उन्हाळ्यात वनखात्याने केलेल्या पाणवठ्यांवर येतो, पण त्यावाचून त्याचे अडतेच असे नाही.

माळावरचे गवतही एकसारखे नाही. ओलाव्याच्या जागी पवना आणि मारवेल, उताराच्या मुरमाड जागी कुसळी, मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, हेंकळ आणि तरवडाची झुडपे. पावसाळ्यानंतर कुसळे पिकली की ती मेंढराच्या लोकरीत आणि माणसाच्या धोतरात सारखीच घुसतात. या गवतात चंडोल आणि डोंबारी जमिनीवरच घरटी करतात. धाविक पक्षी पळत पळत किडे टिपतो, पखुर्ड्या सकाळी पाण्यावर उतरतात. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी दूर उत्तरेकडून येतात आणि गवताच्या अगदी टोकांवरून उडत टोळ व उंदीर हेरतात. खोकड, ससा, मुंगूस, घोरपड, रानमांजर, तरस आणि लांडगा हे या माळाचे बाकीचे रहिवासी.

चिंकारा आणि शेतकरी यांच्यात भांडण आहे, पण ते टोकाचे नाही. मटकी-हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यावर चिंकारे तोंड टाकतात. रानडुकराने केलेल्या नासाडीच्या मानाने हे नुकसान किरकोळ. चिंकारा चार पाने इथली, चार तिथली खात पुढे जातो. पहाटे पाण्याची पाळी धरायला निघालेल्या माणसाला बांधावर उभी जोडी दिसते. तो चालत राहिला तर ती उभी राहते, तो थांबला की मात्र निघून जाते. चालता माणूस आपल्या कामाला निघाला आहे आणि थांबलेला माणूस आपल्याकडे पाहतो आहे, एवढे चिंकाऱ्याला कळते. माळावर गाडीतून येणाऱ्या छायाचित्रकारांना हे उशिरा कळते.

पाडसाच्या बाबतीत मात्र चांगल्या मनानेही घात होतो. मादी पाडसाला गवतात किंवा झुडपाखाली दडवून चरायला जाते आणि पाजण्यापुरती परत येते. पाडस मान जमिनीला टेकवून निपचित पडून राहते. हीच त्याची संरक्षणाची रीत. गवत कापणाऱ्याला किंवा मेंढरामागच्या पोराला ते सापडते आणि आईने टाकलेले समजून घरी आणले जाते. शेळीच्या दुधावर वाढवायचा प्रयत्न होतो, तो बहुधा फसतो. शिवाय चिंकारा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याला घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. पाडस जिथे आहे तिथेच सोडून लांब जाणे हाच त्यावरचा उपाय.

लांडग्याचे प्रकरण वेगळे. तो शेळ्या-मेंढ्या नेतो, म्हणजे थेट घरची पुंजी नेतो. दख्खनच्या माळावर पूर्वी काळवीट, चिंकारे आणि ससे भरपूर होते, ते घटले. लांडग्यांच्या अन्नात आज पाळीव जनावरांचा वाटा मोठा असल्याचे सोलापूर भागातील अभ्यासांतून पुढे आले आहे. सुप्याच्या माळावरही मेंढपाळाची रात्र लांडग्याचा विचार करूनच मांडली जाते. धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, शेतात उतरला की मेंढरांभोवती वाघर, म्हणजे दोऱ्यांची जाळी, खुंट्यांवर ताणून बांधतात. कोकरे वेगळी, आतल्या बाजूला. कडेला कुत्री. रात्री आळीपाळीने जाग आणि हाका. शेतकऱ्याला मेंढरे बसवल्याने खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात आणि हा सगळा व्यवहार लांडग्याच्या डोळ्यांसमोर चालतो. लांडगा बहुतेक वेळा वाघर फोडत नाही. तो दिवसा, कळप ओढ्यात उतरताना किंवा झुडपांतून जाताना मागे पडलेले जनावर हेरतो. जोडीतला एक समोर दिसतो, कुत्री त्याच्या मागे धावतात आणि दुसरा बाजूने येतो. ही युक्ती मेंढपाळ चांगली ओळखतात, तरी दरवेळी टळतेच असे नाही.

लांडगा माळावर किती टिकेल हे शेवटी मेंढपाळाच्या सोसण्यावर ठरते. थंडीच्या दिवसांत ओढ्याच्या काठच्या घळीत मादी पिल्ले घालते. त्या जागा मेंढपाळांना ठाऊक असतात. बिळात धूर करून पिल्ले मारण्याचा प्रकार देशात अनेक ठिकाणी घडत आला आहे, कारण त्यासाठी बंदूक लागत नाही, काडीपेटी पुरते. जनावर मारले गेले तर सरकारकडून भरपाई मिळते. त्यासाठी वनखात्याला ताबडतोब कळवावे लागते, मेलेले जनावर जागेवर ठेवावे लागते आणि पंचनामा व्हावा लागतो. गावात घर असलेल्या शेतकऱ्याला हे जमते. आज इथे आणि परवा पुढच्या शिवारात असलेल्या वाड्याला ते जड जाते, आणि लांडग्याने कोकरू उचलूनच नेले असेल तर पंचनामा कशाचा करणार? भरपाईची पद्धत स्थिर वस्तीचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली आहे. लांडग्याची झळ मात्र फिरत्या माणसाला जास्त बसते.

या लांडग्याची शास्त्रीय किंमत अलीकडे जास्त कळू लागली आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार भारतीय लांडग्याची वंशशाखा जगातील हयात लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक आहे. आता तिला सर्वांत जवळचा धोका कुत्र्यांचा. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले असून तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांपासून येणारा डिस्टेंपरसारखा रोग लांडग्यांच्या छोट्या टोळीला संपवू शकतो. पुण्यातील ग्रासलँड्स ट्रस्ट ही संस्था या माळांवरील लांडगे, तरस आणि खोकड यांच्या नोंदी ठेवते आणि वनखात्याबरोबर काम करते.

कुत्री वाढली ती उकिरड्यांमुळे आणि कोंबड्यांच्या शेडमुळे. कोरडवाहू पट्ट्यात पोल्ट्री हा जोडधंदा चांगला चालतो. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरायच्या, पण बऱ्याचदा त्या माळावर टाकल्या जातात. रात्री तिथे आधी कुत्री येतात, मग तरस, आणि अधूनमधून लांडगाही. तरसाला या आयत्या अन्नाचा फायदाच होतो, कारण तो मुळात मढ्यांवर जगणारा. पण अशाच जागी सगळे एकत्र येतात आणि रोगांची देवाणघेवाण होते. शिवाय याच अन्नावर पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या दिवसा चिंकाऱ्यांच्या मागे लागतात. धडधाकट चिंकारा कुत्र्यांच्या हाती लागत नाही. गाभण मादी, पाडस किंवा तारेच्या कुंपणात अडकलेला नर लागतो.

रस्त्यांवर आणि विहिरींतही जनावरे मरतात. मोरगावच्या रस्त्यावर अष्टविनायक यात्रेच्या गाड्या असतात, चतुर्थीला आणि सुट्ट्यांना तर रांगा. कठडा नसलेल्या विहिरीत रात्री पळताना चिंकारा, खोकड किंवा लांडगा पडतो. वनखाते आणि पुण्याची रेस्क्यू ही संस्था अशी जनावरे बाहेर काढतात. विहिरीला पुरेसा उंच कठडा बांधला तर हा प्रश्न बराच सुटतो, पण तो खर्च शेतकऱ्याने आपल्या खिशातून का करावा, याला कुणाकडे धड उत्तर नाही.

सगळ्यात मोठी अडचण सरकारी दप्तरात आहे. इंग्रजी अमलापासून ज्या जमिनीवर ना पीक ना झाडे, ती पडीक धरली गेली. मराठेशाहीत घोडदळाच्या चाऱ्यासाठी कुरणे राखली जात, तेव्हा गवताला मोल होते. पुढे ते गेले. पडीक म्हटले की ती जमीन कशाला तरी लावणे आलेच. कधी औद्योगिक वसाहत, कधी सौर पॅनेल, कधी रस्त्याचा भराव. वनखात्यानेही दख्खनच्या माळांवर अनेक वर्षे झाडे लावली. गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारख्या परदेशी जाती, त्यासाठी समतल चर आणि ओळीने खड्डे. हिरवे झाले, पण माळ राहिला नाही. झाडांच्या सावलीत पवना-मारवेल टिकत नाहीत, धाविकाला पळायला मोकळी जमीन उरत नाही आणि चिंकाऱ्याला दूरचे दिसत नाही. वृक्षारोपणाचा फलक लागलेला माळ वन्यजीवांसाठी बिघडलेला असू शकतो, हे सांगितले तर अजूनही लोक बिचकतात. गवताळ प्रदेशाला गवताळ म्हणूनच राखायचे, ही दृष्टी वनविभागात आता रुजू लागली आहे. काही ठिकाणी स्थानिक गवतांचे बी पेरून कुरणे पुन्हा उभी करण्याचे काम होते आणि उन्हाळ्याआधी जाळरेषा काढून वणवा आवरला जातो.

दुसरा बदल पाण्याचा. जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेने सुप्याच्या कोरड्या पट्ट्यात पाणी आणले, शेततळी झाली. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ काढला, त्यांना पाणी मिळाले याबद्दल कुणीही तक्रार करणार नाही. पण पाण्यामागून कांदा आला, फळबागा आल्या, जिथे साधले तिथे ऊस आला आणि त्यांच्याबरोबर तारेची कुंपणे. उसाबरोबर बिबट्याही येतो, हे जुन्नर भागाने आधीच पाहिले आहे. बारामती-इंदापूर-दौंडकडेही बिबट्याच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. माळाचा लांडगा आणि उसातला बिबट्या यांच्या वाटा अजून बऱ्याचशा वेगळ्या आहेत. गावकरी मात्र दोघांकडे एकाच भीतीने पाहतात आणि बिबट्याचा राग कधी कधी लांडग्यावर निघतो.

माळावर पाहुण्यांची गर्दी वाढली तेव्हा गाड्या कुठूनही घुसू लागल्या. लांडग्यांचा पाठलाग करणे, पिल्ले असलेल्या बिळापाशी तासन्‌तास थांबणे असे प्रकार झाले. त्यावर उपाय म्हणून पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. आधी नोंदणी करायची, ठरलेल्या वाटेनेच गाडी न्यायची आणि सोबत गावातलाच वाटाड्या घ्यायचा, अशी तिची रीत. वाटाड्यांना मिळणारा पैसा गावात राहतो. कडबनवाडीच्या शिवारात चिंकारे आधीपासूनच गावकऱ्यांच्या नजरेखाली होते, आता त्या नजरेला मिळकतीची जोड मिळाली. माळ पाहायला पावसाळ्याचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ चांगला. सप्टेंबरात गवत हिरवे आणि उंच, चिंकारे त्यात बुडालेले. डिसेंबरात गवत वाळून आडवे होते, भोवत्ये आलेले असतात आणि चिंकारे दुरून दिसतात. मार्चनंतर ऊन चढते आणि सकाळी नऊनंतर बहुतेक जनावरे हिवराच्या किंवा बोरीच्या सावलीला बसून राहतात.