‘केस आहे’ म्हणजे नेमकं कधीपासून?

‘फौजदारी प्रकरण प्रलंबित असलेल्या शासकीय कर्मचाऱ्यांची पदोन्नती’ असा विषय घ्यायचा विचार असेल, तर आधी या शीर्षकातल्या ‘प्रलंबित’ शब्दापाशी थांबा. अर्धा वाद तिथंच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोताळा तालुक्यातला एक तलाठी (2024 पासून पदनाम ग्राम महसूल अधिकारी). मंडळ अधिकारी पदासाठी त्याचं नाव विचारात आहे. फेरफाराच्या वादातून एक खातेदार त्याच्याविरुद्ध बोराखेडी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवतो. तपास चालू आहे, दोषारोपपत्र अजून कोर्टात गेलेलं नाही. तेवढ्यात बुलढाण्याला पदोन्नती समितीची बैठक लागते. तहसीलमध्ये लगेच कुजबुज सुरू होते, "त्याच्यावर केस आहे, त्याचं काही होत नाही आता."

ही कुजबुज कायद्याला धरून नाही. भारत सरकार विरुद्ध के. व्ही. जानकीरामन (1991) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विभागीय चौकशीत दोषारोपाचं ज्ञापन किंवा फौजदारी खटल्यात दोषारोपपत्र निघाल्यावरच कार्यवाही सुरू झाली असं धरायचं. प्राथमिक तपास चालू असणं पुरेसं नाही. आरोप फारच गंभीर असतील तर निलंबनाचा अधिकार प्रशासनाकडे आहेच. शिवाय 48 तासांहून जास्त कोठडी झाली की 1979 च्या शिस्त व अपील नियमांनुसार कर्मचारी निलंबित मानला जातो. आपला तलाठी यातल्या कशातच बसत नाही. त्यामुळे त्याचा विचार इतरांसारखाच व्हायला हवा.

इथं मराठीतून वाचणाऱ्यांची एक खास अडचण होते. विभागीय चौकशीतला कागदही ‘दोषारोपपत्र’ आणि पोलीस कोर्टात देतात तेही ‘दोषारोपपत्र’. त्यात न्यायालयाची ‘दोषारोप निश्चिती’ हा आणखी पुढचा टप्पा. निकाल वाचताना प्रत्येक ठिकाणी समासात लिहा, कोणाचं पत्र आणि कोणत्या तारखेचं.

दोषारोपपत्र गेलं असेल तर? तरीही समितीला नाव वगळता येत नाही. ती त्याची पात्रता तपासते आणि निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवते. महाराष्ट्रात यासाठी सामान्य प्रशासन विभागाचा 15 डिसेंबर 2017 चा शासन निर्णय मुळातून वाचा. समितीच्या मूळ बैठकीनंतर दोन वर्षं उलटूनही प्रकरण संपलं नाही, तर तदर्थ पदोन्नतीचा विचार करता येतो. हा विचार आहे, हक्क नाही. पुढे कर्मचारी पूर्ण निर्दोष सुटला की पाकीट उघडतं आणि मानीव दिनांक मिळू शकतो. मधल्या काळातल्या वेतनफरकावर मात्र भांडणं होतात. जानकीरामनमध्येच ‘काम नाही तर वेतन नाही’ हे सूत्र अशा कर्मचाऱ्याला सरसकट लावू नका असं म्हटलंय, पण सुटका संशयाचा फायदा मिळून झाली का, खटला कर्मचाऱ्यामुळेच रेंगाळला का, हे पाहायची मुभाही ठेवली आहे.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते खरा संशोधनप्रश्न इथं आहे. नुसत्या गुन्ह्यावर पदोन्नती थांबली असती, तर एका खोट्या तक्रारीवर कुणाचीही ज्येष्ठता संपली असती. ‘ब समरी’ होऊन प्रकरण बंद होईपर्यंत कनिष्ठ पुढे गेलेले असतात. पण लाचेच्या प्रकरणात उलटं घडू शकतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 19 नुसार, पदावरून दूर करण्यास सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी आल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. मंजुरीची फाईल टेबलावर पडून राहिली, की दोषारोपपत्रही अडतं. मग निलंबन नसेल किंवा मागे घेतलेलं असेल, तर माणूस पदोन्नतीला मोकळा! जो नियम निरपराधाला वाचवतो, तोच फाईल दाबणाऱ्याच्याही उपयोगी पडतो. म्हणून गुन्हा, मंजुरी, दोषारोपपत्र आणि समितीची बैठक या चार तारखा मिळाल्याशिवाय एकही प्रकरण नमुन्यात घेऊ नका.

नमुना निवडताना अजून एक. त्याच मोताळ्यातला ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) जिल्हा परिषदेचा कर्मचारी आहे. त्याला 1979 चे नियम लागत नाहीत, जिल्हा सेवांचे 1964 चे वेगळे नियम आहेत. तलाठी दाद मागायला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठात जाईल, ग्रामसेवक थेट उच्च न्यायालयात. दोघांचे निकाल एकाच तक्त्यात टाकायचे असतील, तर निदान रकाने तरी वेगळे ठेवा.